नालंदेंतील एक परदेशी विद्यार्थी : इत्सिंगाच्या दिनचर्येचा पुरावा

नालंदेच्या महाविहाराचें वर्णन करावयाचें म्हटलें म्हणजे आपले लेखक ह्युएनत्संगाकडे धांव घेतात, आणि एखाद्या ग्रंथकाराचा काळ ठरवावयाचा असला म्हणजे इत्सिंगाकडे. पहिल्याकडून वैभव घ्यावें व दुसऱ्याकडून तिथी घ्यावी, अशी जणूं वांटणीच होऊन गेली आहे. या वांटणींत इत्सिंगावर अन्याय झाला आहे असें आमचें मत आहे. तो नालंदेंत सुमारें १० वर्षें, इ. स. ६७५ पासून ६८५ पर्यंत, परदेशांतून आलेला अंतेवासी म्हणून राहिला. तेथील घंटेबरोबर स्नानास गेला, तेथील पंक्तींत जेवला, तेथील उपाध्यायांपुढें बसून शिकला, आणि हें सर्व त्यानें लिहून ठेविलें. जें रोज त्याच्या हातांखालून गेलें त्याविषयीं त्याच्यासारखा साक्षीदार मिळणें कठीण. जें नुसतें कानावर आलें त्याविषयीं तो इतर कोणाहीसारखाच माणूस आहे. आपण मात्र त्याच्या ऐकीव गोष्टींवर शतकें उभीं केलीं, आणि त्यानें पाहिलेल्या गोष्टी मनोरंजक म्हणून बाजूस ठेविल्या.

या कामीं त्याचे दोन ग्रंथ उपयोगाचे आहेत. एक, दक्षिण समुद्रांतील श्रीविजयाहून त्यानें स्वदेशीं धाडलेला ४० प्रकरणांचा आचारवृत्तांत. याचें इंग्रजी भाषांतर जपानी पंडित ताकाकुसु यांनीं १८९६ मध्यें ऑक्सफर्डहून प्रसिद्ध केलें. दुसरा, धर्माच्या शोधार्थ पश्चिमेस गेलेल्या भिक्षूंच्या चरित्रांचा. त्याचें फ्रेंच भाषांतर शाव्हान यांनीं १८९४ मध्यें केलें. पहिल्या ग्रंथाविषयीं एक शंका आरंभींच घेतली पाहिजे. चीनमधील भिक्षूंचा आचार भ्रष्ट झाला आहे, तो हिंदुस्थानांतील आचाराप्रमाणें सुधारावा, या हेतूनें तो लिहिलेला आहे. मग त्यांत वर्णिलेलें आयुष्य खरोखर चालत होतें, कीं विनयग्रंथांतील नियमच त्यानें आंखोंदेखी म्हणून मांडले? याची परीक्षा करण्यास एक साधन आहे. जेथें तो नियमापासून झालेली सूट सांगतो, किंवा एका विहाराची रीत दुसऱ्याहून वेगळी होती असें सांगतो, तेथें त्याच्यापुढें पोथी नसून प्रत्यक्ष व्यवहार होता असें समजण्यास हरकत नाहीं. अशीं स्थळें पुढें येतीलच.

इत्सिंगाचा जन्म इ. स. ६३५ चा. ६७१ च्या अखेरीस, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, तो कँटन बंदरांतून एका इराणी व्यापाऱ्याच्या गलबतांतून निघाला व २० दिवसांच्या आंत श्रीविजयास, म्हणजे सुमात्रा बेटावरील आजच्या पालेंबांगास, पोंचला. तेथें ६ महिने राहून त्यानें शब्दविद्येस, म्हणजे संस्कृत व्याकरणास, आरंभ केला. पुढें ६७३ मध्यें तो ताम्रलिप्तीस उतरला. तेथें ह्युएनत्संगाचा शिष्य महायानप्रदीप हा पुष्कळ वर्षें राहत होता. त्याच्याजवळ सुमारें एक वर्ष घालवून त्यानें भाषा पक्की केली. छत्तिसाव्या वर्षीं वर्णमालेपासून सुरुवात करणारा विद्यार्थी ज्यानें शिकविला असेल, त्यास यांतले कष्ट सांगावयास नकोत. मागाहून येणाऱ्या आपल्या देशबांधवांस इत्सिंगानें स्पष्ट सल्ला दिला आहे कीं, हिंदुस्थानास जाण्यापूर्वीं श्रीविजयांत एकदोन वर्षें राहून तयारी करावी.

ताम्रलिप्तीहून तो व महायानप्रदीप शेंकडों व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर मध्यदेशाकडे निघाले. महाबोधि दहा दिवसांच्या वाटेवर राहिली असतां इत्सिंग आजारी पडला व मागें राहिला. सूर्यास्ताच्या सुमारास चोरांनीं गांठून त्याचीं सर्व वस्त्रें काढून घेतलीं. गोऱ्या वर्णाचा माणूस सांपडला तर त्याचा बळी देतात असें त्यानें ऐकलें होतें. म्हणून चिखलांत लोळून, अंगास पानें लावून, काठी टेकीत तो चालला. रात्रीच्या दुसऱ्या प्रहरीं गांवाबाहेरून महायानप्रदीपाची हांक ऐकूं आली, तेव्हां कोठें जीवांत जीव आला. सोबत्यानें वस्त्र दिलें. तळ्यांत अंग धुऊन तो गांवांत शिरला. अशा रीतीनें आमचा विद्यार्थी विद्यापीठाच्या वाटेस लागला.

विहारांत परका भिक्षु आला म्हणजे ‘स्वागत’ शब्दानें त्याचें स्वागत होई, आणि तो शब्दच इत्सिंगानें अर्थासह टिपून ठेविला आहे. पहिले पांच दिवस आगंतुकास चांगलें अन्न देऊन शीण घालवूं देत. नंतर तो इतरांसारखा. तो बहुश्रुत असला तर त्याच्या योग्यतेप्रमाणें शय्यासन मिळे, नसला तर साधें. आणि संघाच्या यादींत नांव चढलें म्हणजे जुन्या रहिवाशाहून त्याचा अधिकार कमी राहत नसे. वडीलपणा वयावर, कुळावर किंवा देशावर नव्हता. उपसंपदा घेऊन किती वर्षावास झाले यावर होता, आणि एकाच दिवशींचे दोघे असले तर सावलीच्या मापापर्यंत जाऊन क्रम लावीत. येथेंच तो एक गंमतीची गोष्ट सांगतो. चिनी सहाव्या महिन्याच्या सतराव्या दिवशीं, वर्षावास नुकताच सुरू झालेला असतां, नालंदेंतील पुष्कळजण भल्या पहांटे उपसंपदा घेत. कारण त्यायोगें त्या वर्षींच्या सर्वांहून वडील ठरतां येई. पंक्तीच्या अग्रस्थानाकरितां योजिलेली ही युक्ति कोणत्या विनयपोथींत सांपडणार? ती तेथें राहणाऱ्यासच कळते.

संख्यांच्या बाबतींतहि हेंच दिसतें. ह्युएनत्संगाच्या चरित्रकारानें नालंदेंत १०,००० भिक्षु बसविले आहेत. इत्सिंग ३,००० हून अधिक इतकेंच म्हणतो, आणि आठ शाळा व ३०० कोठड्या सांगतो. तीनशें कोठड्यांत तीन हजार माणसें दाटीनें कां होईना राहतील. दहा हजार कशीं राहावीं? दोनशेंहून अधिक गांवें विहारास लावून दिलेलीं होतीं. इतके लोक एका ठिकाणीं पूजेस जमणें शक्य नसल्यामुळें एक स्तोत्रपाठक रोज संध्याकाळीं शाळेशाळेंतून फिरे, त्याच्यापुढें धूप व फुलें घेतलेले सेवक व मुलें चालत, आणि त्याचा फेरा संपतां संपतां अंधार पडे. बाकीचे आपापल्या जागीं बसून मनांतल्या मनांत वंदन करीत.

दिवसाचा सगळा क्रम पाण्यावर तरंगणाऱ्या तांब्याच्या वाटीवर चाले. मोठ्या तांब्याच्या भांड्यांत पाणी, त्यावर तळाशीं सुईएवढें छिद्र असलेली वाटी. वाटी भरून बुडाली कीं नगाऱ्यावर टोला. लग्नघटिका साधण्याकरितां आपल्याकडे जोशी जें घटिकापात्र मांडीत तेंच हें, यांत संशय नाहीं. पहिल्या बुडण्यास एक टोला, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास तीन. चौथ्यास चार टोले देऊन दोन वेळां शंख फुंकीत व वर एक टोला देत, म्हणजे पहिला प्रहर झाला. असेंच पुन्हां चार बुडण्यांनंतर शंख झाल्यावर दोन टोले पडले कीं मध्यान्ह. त्या दोन टोल्यांनंतर जो भिक्षु जेवतांना सांपडे त्यास विहाराबाहेर घालवीत. हीं पात्रें राजांनीं पिढ्यान्‌पिढ्या दान दिलेलीं होतीं, व तीं राखण्यास मुलगेहि नेमून दिलेले होते.

आतां इत्सिंगानें जातां जातां दिलेली एक गोष्ट पाहावी. महाबोधि व कुशिनगर येथें सकाळपासून मध्यान्हापर्यंत वाटी १६ वेळां बुडे, असें तो सांगतो. नालंदेंत ती तेवढ्याच काळांत ८ वेळां बुडे. दिवसाचा हा अर्धा भाग सरासरीनें सहा तासांचा धरला तर महाबोधीची वाटी साडेबावीस मिनिटांची होते, म्हणजे आपल्या २४ मिनिटांच्या घटिकेस जवळजवळ लागते. नालंदेची मात्र तिच्या दुप्पट. एकाच मगध देशांत, थोड्या दिवसांच्या वाटेवर असलेल्या दोन विहारांचीं मापें निराळीं होतीं. ज्योतिषाच्या इतिहासकारांनीं या नोंदीकडे अधिक लक्ष द्यावयास हवें. ‘घटी’ हा शब्द ज्या लेखांत येतो तेथें प्रत्येक वेळीं २४ मिनिटांचाच अर्थ धरणें किती धोक्याचें आहे, तें यावरून दिसतें.

विहाराजवळ दहाहून अधिक मोठीं तळीं होतीं. सकाळीं घंटी वाजली कीं कधीं शंभर तर कधीं हजार भिक्षु स्नानवस्त्रें घेऊन एकदम बाहेर पडत व निरनिराळ्या तळ्यांकडे जात. स्नान जेवणापूर्वीं करावयाचें, जेवणानंतर वर्ज्य. पाण्यांतून हळू बाहेर यावयाचें, कारण वस्त्रास चिकटून एखादा किडा वर येऊन मरूं नये. दंतकाष्ठाचें तर त्यानें एक प्रकरणच लिहिलें आहे. लांबी बारा अंगुळें, कमींत कमी आठ. एक टोंक चावून त्याचा कुंचला करावा, मग तेंच चिरून जीभ खरवडावी. चीनमध्यें या काष्ठास विलोची फांदी म्हणत, त्याचा त्याला फार राग. हिंदुस्थानांत विलो जवळजवळ नाहींच, मग हें नांव आलें कोठून, असें तो विचारतो. शब्द एका देशाचा व वस्तु दुसऱ्या देशाची अशी गफलत भाषांतरांत कशी होते याचा हा चांगला नमुना आहे. उच्छिष्टाचे विधिनिषेध, पाणी गाळून किडे पाहणें, शौचाचा व पिण्याचा असे दोन निराळे घट ठेवणें, हें सर्व त्यानें मोठ्या बारकाईनें दिलें आहे. पण आपल्या वाचकांस त्यांत नवें थोडें, म्हणून येथें तें आम्ही सोडतों.

जेवणाच्या बैठकीविषयीं मात्र थांबलें पाहिजे. भिक्षु जमिनीवर मांडी घालून, गुडघ्यास गुडघा लावून जेवत असतील अशी आपली सहज समजूत. इत्सिंग सांगतो तें निराळें. सुमारें सात इंच उंचीच्या, एक फूट लांबरुंद, वेताच्या विणीच्या हलक्या चौरंग्या असत. लहान भिक्षूंस लाकडाचे ठोकळे. पाय जमिनीवर टेकलेले, ताट पुढ्यांत. जमीन गोमयानें सारवून तीवर ताजीं पानें पसरीत, आणि दोन आसनांत एक हाताचें अंतर, म्हणजे एकाचा दुसऱ्यास स्पर्श होऊं नये. उलट चीनमध्यें मोठ्या बाजेवर गुडघ्यास गुडघा लावून बसतात, ही रीत बुद्धाची नव्हे, अशी त्याची तक्रार आहे! अजिंठ्याच्या भिंतींवर अशा बुटक्या बैठका कोठें कोठें आहेत तें आमच्या वाचकांपैकीं कोणी या दृष्टीनें पाहिल्यास बरें होईल.

गुरुशिष्यांचा संबंध त्यानें प्रेमानें लिहिला आहे. पहांटे दंतकाष्ठ, पाण्याचें भांडें व पंचा उपाध्यायाजवळ ठेवून शिष्यानें देवदर्शन करून यावें, मग प्रकृति विचारावी. रात्रीच्या पहिल्या व शेवटच्या प्रहरीं पाठ. गुरु आधीं त्यास स्वस्थ बसावयास सांगे, मग त्याच्या बेताचा त्रिपिटकांतला भाग निवडून सांगे, व एकहि गोष्ट उलगडल्यावांचून जाऊं देत नसे. शिष्य गुरूचें अंग चेपी, वस्त्रांच्या घड्या घाली, खोली व अंगण झाडी, पाणी पारखून देई. एवढें आपणांस परिचित आहे. पुढचें वाक्य महत्त्वाचें : शिष्य आजारी पडला तर गुरु स्वतः त्याची शुश्रूषा करी, औषध देई, पोटच्या मुलाप्रमाणें जपे. घरापासून हजारों कोस दूर असलेल्या माणसानें हें वाक्य लिहिलें आहे. त्यानें वैद्यकाचाहि बराच अभ्यास केला होता. परंतु हा आपला मार्ग नव्हे म्हणून पुढें सोडून दिला.

आतां ज्या प्रकरणानें त्याला आपल्या पंडितांत प्रसिद्धि दिली त्या चौतिसाव्या प्रकरणाकडे वळूं. सहाव्या वर्षीं सिद्धम्, म्हणजे वर्णमाला व जोडाक्षरें, सहा महिन्यांत, आठव्या वर्षीं पाणिनीचीं सूत्रें आठ महिन्यांत, मग धातु, दहाव्या वर्षीं खिलांस आरंभ, तीं तीन वर्षें, पंधराव्या वर्षीं वृत्ति, ती पांच वर्षें, नंतर चूर्णि म्हणजे पतंजलीचें महाभाष्य. आम्ही हिशेब करून पाहिला : सुमारें ४,००० सूत्रें आठ महिन्यांत म्हणजे दररोज सोळासतरा. पाठशाळेंत संथा घेतलेल्या कोणासहि हा वेग अशक्य वाटणार नाहीं. ग्रंथांचीं परिमाणेंहि तो देतो : सूत्रें १,००० श्लोक, वृत्ति १८,०००, चूर्णि २४,०००, भर्तृहरीची तीवरील टीका २५,०००, वाक्यपदीय ७००. वाक्यपदीयाच्या पहिल्या दोन कांडांच्या कारिका आज साडेसहाशेंच्या आसपास मिळतात. तिसरें प्रकीर्णकांड त्यानें वेगळा ग्रंथ म्हणून धरलें आहे असें दिसतें. पोथी हातांत घेणाऱ्याचेंच हें ज्ञान. त्या २५,००० श्लोकांच्या टीकेचें तर एकच त्रुटित हस्तलिखित उरलें. तें बर्लिनच्या ग्रंथालयांत असून त्यावरून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें ती टीका छापली. ती मुळांत केवढी होती हें कळण्यास इत्सिंगाचा आंकडा मोलाचा आहे.

परंतु त्याच प्रकरणांत तो म्हणतो कीं, जयादित्य वारून सुमारें ३० वर्षें झालीं व भर्तृहरि वारून ४०. ग्रंथ इ. स. ६९१ च्या सुमारास लिहिलेला. तेव्हां भर्तृहरीचा मृत्यु ६५१ चा, असा हिशेब पुष्कळ वर्षें पाठ्यपुस्तकांतून चालला. पुढें विसाव्या शतकाच्या मध्यास मुनि जंबूविजय व फ्राउवाल्नर यांनीं दाखविलें कीं, दिङ्नागानें वाक्यपदीयांतील कारिका उचललेल्या आहेत. आणि दिङ्नाग सहाव्या शतकाच्या पूर्वार्धापलीकडे नेतां येत नाहीं. म्हणजे भर्तृहरि पांचव्या शतकांत गेला, व इत्सिंगाची तिथी सुमारें दोन शतकांनीं चुकली. महाभाष्य ही वृत्तीवरील टीका आहे असेंहि तो लिहितो, आणि भर्तृहरि सात वेळां भिक्षु होऊन सात वेळां घरीं परतला ही कथाहि सांगतो. विद्यार्थ्यांच्या कोठड्यांतून ग्रंथकारांविषयीं ज्या गोष्टी फिरतात त्यांतल्याच या. पुस्तक किती लांब हें विद्यार्थी स्वतःच्या घशावरून सांगतो. ग्रंथकार केव्हां वारला हें शेजाऱ्याच्या तोंडून.

गुप्तवंशाच्या मूळपुरुषाचें प्रकरणहि याच जातीचें आहे. नालंदेहून पूर्वेस ४० योजनांवर चिनी मंदिराचे नुसते विटांचे पाये उरले होते. श्रीगुप्त नांवाच्या राजानें ५०० वर्षांपूर्वीं सुमारें २० चिनी भिक्षूंकरितां तें बांधून २४ गांवें दिलीं, असें तो चरित्रग्रंथांत लिहितो. या ५०० वर्षांवरून केवढा वाद माजला! हिशेबानें दुसरें शतक येतें, आणि ३१९–२० मध्यें राज्यावर आलेल्या पहिल्या चंद्रगुप्ताचा आजा त्यांत बसत नाहीं. पण इत्सिंगानें स्वतःच म्हटलें आहे कीं, जुनीं माणसें असें सांगतात. त्यानें ठेविलेली ही सावधगिरी वादकांनीं वाचली नाहीं, हा त्याचा दोष नव्हे.

त्याला त्या पायांशीं काम होतें तें निराळ्याच कारणानें. इतर देशांच्या लोकांचे मध्यदेशांत आपापले विहार आहेत, महाचीनाचा मात्र एकहि नाहीं. त्यामुळें जे कष्टानें येऊन पोंचतात तेहि वाऱ्यावरच्या गवताप्रमाणें भटकतात, त्यांना एका जागीं राहणें घडत नाहीं, ही त्याची खंत चरित्रग्रंथाच्या आरंभींच आहे. ज्या पन्नासांहून अधिक प्रवाशांची हकीकत त्यानें दिली त्यांपैकीं फार थोडे परत गेले. महायानप्रदीप कुशिनगरास वारला. नालंदेंतला त्याचा स्नेही वूशिंग, म्हणजे प्रज्ञादेव, इत्सिंग ६८५ मध्यें निघाला तेव्हां सहा योजनें पूर्वेस त्याला पोंचवावयास आला, आणि पुन्हां भेट होणार नाहीं असें दोघांनाहि वाटत होतें.

इत्सिंगाबरोबर ५,००,००० श्लोकांच्या पोथ्या होत्या. त्या घेऊन तो श्रीविजयास राहिला व भाषांतरास लागला. पण नकलेस कागद, शाई व लेखक मिळेनात. ६८९ मध्यें कँटनला पत्र धाडून हें सामान मागवावें म्हणून तो नदीच्या मुखाशीं एका गलबतावर चढला, तोंच वारा अनुकूल झाला, शिडें उभारलीं गेलीं आणि तो पत्रासकट स्वदेशीं जाऊन पोंचला! पोथ्या सगळ्या श्रीविजयांत. चार साहाय्यक घेऊन त्याच वर्षीं तो परत आला. शेवटीं ६९५ मध्यें, पंचवीस वर्षांनीं, सुमारें ४०० ग्रंथांसह तो लोयांगला पोंचला तेव्हां सम्राज्ञी वू त्याला स्वतः सामोरी गेली. ७१३ मध्यें तो वारला.

आमच्या संग्राहक वाचकांसाठीं एक गोष्ट शेवटीं राखून ठेविली आहे. आपल्याकडील पुष्कळ पोथ्यांच्या अखेरीस ‘आत्मपठनार्थ’ लिहिल्याची, स्थळाची व लेखकाच्या नांवाची ओळ असते. सूचीकार ग्रंथाचें नांव, पत्रसंख्या व शक उतरून घेतो आणि ही ओळ गाळतो. दूर देशाहून शिकावयास आलेल्या माणसाचा ठावठिकाणा पुष्कळ वेळां तेवढ्याच ओळींत असतो. नालंदेंत चिनी पुस्तकें चाळतांना इत्सिंगाच्या हातीं ‘लिआंग’ नांवानें ओळखला जाणारा एक शास्त्रग्रंथ आला. त्याच्या खालीं लिहिलें होतें कीं, बुद्धाच्या दंतकाष्ठवृक्षाखालीं सिल्ला देशाच्या, म्हणजे कोरियाच्या, भिक्षु ह्वैये यानें हा लिहिला. इत्सिंगानें विहारांतील भिक्षूंस विचारलें. ते म्हणाले, तो येथेंच वारला. वय साठीच्या घरांत होतें. त्यानें लिहिलेल्या संस्कृत पोथ्या नालंदेंतच होत्या.